डॅशकॅम बिघडला? आधी कार्ड तपासा, मग चार्जर. कॅमेऱ्याला दोष सगळ्यात शेवटी

दोन-चार हजारांचा डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा घेतला, काही महिने झकास चालला आणि आता मध्येच टूं-टूं करतो, आपोआप बंद पडतो, नाहीतर ‘कार्ड एरर’ दाखवतो. मग घरात ठरलेला निकाल लागतो: स्वस्तातला माल, जायचाच होता. पण असा ‘गेलेला’ कॅमेरा उघडून बघितला तर तो बहुतेक वेळा धडधाकट असतो. गेलेलं असतं कार्ड. कार्ड बरं असेल तर चार्जर किंवा त्याची केबल. खुद्द कॅमेऱ्याचा नंबर त्यानंतर लागतो. तपासणीही याच क्रमाने करायची. क्रम उलटा केला की नव्या कॅमेऱ्यात जुनंच मेलेलं कार्ड जातं आणि पैसे घालवून पुन्हा तीच टूं-टूं ऐकावी लागते.

सामान फार लागत नाही. एक कार्ड रीडर, विंडोजचा कुठलाही लॅपटॉप, खात्रीचं दुसरं एक मायक्रोएसडी कार्ड, फोनचा चार्जर आणि कॅमेऱ्याला बसणारी एक जास्तीची केबल. मल्टीमीटर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

लक्षण नीट बघा

कॅमेरा नेमका कधी रुसतो, हे दोन दिवस लक्ष देऊन बघा. सेल्फ मारताना बंद होऊन पुन्हा सुरू होतो? मग विजेकडे बोट जातं. सुरू होतो, पाच-दहा मिनिटं रेकॉर्ड करतो आणि मग थांबतो? कार्डाचा वेग कमी पडतोय किंवा कॅमेरा तापतोय. ‘कार्ड फुल’ म्हणतो? लॉक झालेल्या, म्हणजे आपोआप न पुसल्या जाणाऱ्या फायली साचल्यात किंवा लूप रेकॉर्डिंग (कार्ड भरलं की जुन्या क्लिप पुसून नव्या लिहिणं) बंद आहे. रोज सकाळी तारीख जुन्याच कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीवर जाते? आतली बॅटरी संपली. सगळं छान चाललंय असं दिसतं, लाल दिवा लुकलुकतो, पण घरी येऊन बघितलं तर शेवटची क्लिप तीन महिन्यांपूर्वीची? हा सगळ्यात फसवा प्रकार, आणि त्याच्यापासूनच सुरुवात करू.

कार्ड मेलंय का, हे पाच मिनिटांत कळतं

आधी कॅमेरा बंद करा. रेकॉर्डिंग चालू असताना कार्ड ओढून काढणं हे कार्ड बिघडायचं एक मोठं कारण आहे. नखाने किंचित आत दाबलं की स्प्रिंग कार्ड बाहेर फेकते. खाली हात धरा, नाहीतर कार्ड थेट हँडब्रेकच्या फटीत जातं आणि मग अर्धी सीट सोडावी लागते.

लॅपटॉपला लावल्यावर विंडोज कधीकधी म्हणतं, ‘हे वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू का?’ कार्डावरचं काही हवं असेल तर इथे ‘कॅन्सल’च दाबायचं. फोल्डर दिसत असतील तर लागणाऱ्या क्लिप आधी लॅपटॉपवर कॉपी करून घ्या, आणि मगच पुढचे प्रयोग.

आता खरी परीक्षा. कार्डावरच्या सगळ्या फायली निवडून डिलीट करा. कार्ड नीट इजेक्ट करा, काढा, पुन्हा लावा. फायली परत जिथल्या तिथे हजर? मग कार्डाची शंभरी भरली. विंडोजने ‘डिलीट झालं’ म्हटलं, काही वेळा फॉरमॅटही ‘यशस्वी’ झालं, तरी कार्डाने प्रत्यक्षात एक अक्षरही पुसलेलं नसतं. फ्लॅश मेमरी झिजली की बऱ्याच कार्डांचा आतला कंट्रोलर, म्हणजे कार्ड चालवणारी चिप, लिहिणं बंद करतो आणि फक्त वाचू देतो, म्हणजे निदान जुना डेटा तरी शाबूत राहावा. कॅमेऱ्याला हे कळत नाही. तो मुकाट लिहीत राहतो, दिवा लुकलुकत राहतो, आणि कार्डावर मात्र तीन महिन्यांपूर्वीच्या नाशिकच्या कॉलेज रोडचीच गर्दी दिसते. हे कार्ड कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. ‘राइट प्रोटेक्शन काढा’ छापाचे व्हिडिओ बघत बसू नका.

निकाल देण्याआधी एक गोष्ट मात्र बघा. मायक्रोएसडी मोठ्या अडॅप्टरमध्ये घालून लावत असाल तर अडॅप्टरच्या कडेला इवलीशी लॉकची पट्टी असते. ती खाली सरकली असेल तरी कार्डावर काही लिहिता येत नाही. पट्टी वर करा, शक्यतो अडॅप्टर बाजूला ठेवून थेट मायक्रोएसडीच्या खाचेत लावा, आणि परीक्षा पुन्हा घ्या.

कार्ड जिवंत आहे, पण खरं आहे का?

ऑनलाइन सेलमध्ये किंवा रस्त्यावरच्या टेबलावर अर्ध्या किमतीत मिळालेलं १२८ जीबीचं कार्ड पुष्कळदा आतून आठ-सोळा जीबीचं निघतं. त्याच्या कंट्रोलरमध्ये खोटा आकडा भरलेला असतो, म्हणून लॅपटॉप, फोन, कॅमेरा, सगळ्यांना ते १२८च सांगतं. पहिले काही दिवस छान जातात. खरी जागा भरली की नवीन डेटा हवेत जातो किंवा जुन्यावर पडतो, आणि क्लिप उघडेनाशा होतात. दोष अर्थातच कॅमेऱ्याला मिळतो.

३२ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये २९ च्या आसपास, ६४ चं ५९ आणि १२८ चं ११९ च्या आसपास दिसतं. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत.

तपासायला ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचं छोटं, फुकट जर्मन सॉफ्टवेअर आहे. इंग्रजी भाषा निवडा, कार्डाचा ड्राइव्ह दाखवा, ‘ऑल अव्हेलेबल स्पेस’ ठेवा आणि ‘राइट अँड व्हेरिफाय’ दाबा. ते रिकामं कार्ड काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं परत वाचून पडताळतं. ६४ जीबीला साध्या रीडरवर दीड-दोन तास सहज लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. सकाळी खिडकी हिरवी असेल तर कार्ड खरं आणि धड. लाल असेल तर किती जीबी ठीक आणि किती गमावलं, हे तिथेच लिहिलेलं असतं. मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी हेच काम ‘एफ-थ्री’ने करावं. त्याच खिडकीत लिहिण्याचा वेगही दिसतो. चांगल्या रीडरवर तो सेकंदाला १० एमबीच्याही खाली असेल तर कार्डावर ‘क्लास १०’ छापलेलं असूनही ते क्लास १० नाही.

लॅपटॉप नसेल तर ओटीजी रीडर (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा कार्ड रीडर) फोनला लावा, फोनमधले मोठे व्हिडिओ टाकून कार्ड भरा, काढून पुन्हा लावा आणि शेवटी टाकलेले व्हिडिओ चालतात का ते बघा. पद्धत गावठी आहे, पण खोटं कार्ड तिच्यातही उघडं पडतं.

कार्ड एम. जी. रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि ही परीक्षा परतीची मुदत संपायच्या आत करा. गिऱ्हाइकाने तक्रार केल्यावर ‘पॅकेट फोडलंत, आता परत घेता येणार नाही’ असं तोंडावर सांगणारे विक्रेते भेटतात. लाल खिडकीचा फोटो हाताशी असला की बोलणं सोपं जातं.

फॉरमॅट कुठे आणि कसं

कार्ड खरं आणि जिवंत निघालं तर पुढची पायरी फॉरमॅट. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘फॉरमॅट’ असेल तर तिथूनच करा. कॅमेरा त्याला हवी ती फाइल सिस्टिम (कार्डावर फायली मांडायची पद्धत) आणि हवे ते फोल्डर स्वतः बनवून घेतो.

अडचण येते ती कॅमेरा कार्ड ओळखतच नाही तेव्हा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये येतात, ६४ आणि त्यावरची एक्सफॅटमध्ये. बरेच स्वस्त कॅमेरे एक्सफॅट वाचत नाहीत. त्यामुळे ६४ जीबीचं कोरं, अस्सल कार्ड घातलं तरी ‘कार्ड एरर’ येतो. आधी माहितीपत्रक बघा. कॅमेऱ्याची मर्यादाच ३२ असेल तर हट्ट करू नका. मर्यादा ६४ किंवा १२८ लिहिली असेल आणि तरी कार्ड घेत नसेल, तर ते लॅपटॉपवर फॅट३२ करून द्या. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर हा पर्याय सहसा दिसत नाही. त्यासाठी ‘रुफस’ हे सॉफ्टवेअर वापरा. त्यात ‘नॉन बूटेबल’ आणि ‘लार्ज फॅट३२’ निवडायचं. ड्राइव्ह नीट बघून निवडा, नाहीतर शेजारी लावलेला पेनड्राइव्ह साफ व्हायचा. हे झालं की कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथे पुन्हा एकदा फॉरमॅट करा.

कार्ड पूर्वी फोनमध्ये ‘इंटरनल स्टोरेज’ म्हणून वापरलेलं असेल तर त्यावर फोनने आपले कप्पे पाडून ठेवलेले असतात आणि कॅमेरा गोंधळतो. अशा कार्डाला आधी एसडी असोसिएशनचं अधिकृत, फुकट ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ लावा.

फॉरमॅट ही एकदाची गोष्ट नाही. महिन्यातून एकदा, हव्या त्या क्लिप काढून घेऊन, कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारा. सतत लिहिणं-पुसणं आणि मध्येच वीज जाणं यांत फाइल सिस्टिम विस्कटत जाते. फॉरमॅटने ती ताळ्यावर येते.

कार्ड किती दिवस टिकायला हवं?

हिशेब करून बघा. साधा १०८० पी (फुल एचडी) डॅशकॅम सेकंदाला साधारण १५ मेगाबिट लिहितो, आणि आठ मेगाबिटांचा एक एमबी होतो. म्हणजे जवळपास दोन एमबी सेकंदाला, तासाला पावणेसात जीबी. ३२ जीबीचं कार्ड साडेचार तासांत भरतं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागतं. नाशिकहून सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परतलात, तर रात्री घरी पोचेपर्यंत सकाळचा कसारा घाट कार्डावरून पुसलेला असतो. वाटेत काही घडलं असेल तर ती क्लिप परतीला निघण्याआधी काढून घ्यायची, ती यामुळे.

आता झिजेचं बघू. गंगापूर रोडहून अंबड एमआयडीसीत जाऊन-येऊन रोज तासभर गाडी चालवणाऱ्याचं ३२ जीबीचं कार्ड चार-पाच दिवसांत एकदा पूर्ण लिहून होतं, वर्षाला ऐंशीएक वेळा. असं साधं कार्डही काही वर्षं तग धरतं. पण दिंडोरी-पिंपळगाव भागातून द्राक्षं, टोमॅटो भरून रोज आठ तास धावणारी पिकअप घ्या. तिथे तेच कार्ड दिवसाला जवळपास दोनदा भरतं, म्हणजे वर्षाला सहाशेच्या आसपास. हल्लीच्या स्वस्त कार्डांतल्या मेमरीची झीज सोसायची ताकद काही शे ते हजार-दोन हजार वेळांच्या घरात असते, आणि लहान-लहान फायलींच्या नोंदींमुळे प्रत्यक्ष झीज आणखी वाढते. पिंपळगावचा एक पिकअपवाला वैतागून म्हणाला होता, “भाऊ, कॅमेराच डुप्लिकेट निघाला, दरवर्षी कार्ड खातो.” कॅमेरा कार्ड खात नव्हता, पिकअप खात होती. वाइपरचं रबर जसं ठरावीक काळाने बदलतो तसंच हे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, कॅमेरा घेत असेल तेवढं मोठं कार्ड वापरा. क्षमता दुप्पट झाली की तेवढ्याच रेकॉर्डिंगला झीज निम्मी. दुसरा, ‘एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्या. सॅनडिस्कचं ‘हाय एन्ड्युरन्स’ आणि ‘मॅक्स एन्ड्युरन्स’, सॅमसंगचं ‘प्रो एन्ड्युरन्स’ ही सतत रेकॉर्डिंगसाठीच बनवलेली आहेत आणि त्यांच्या माहितीत किती तास रेकॉर्डिंग झेपेल तेही दिलेलं असतं. साध्या कार्डांच्या वॉरंटीच्या बारीक अक्षरांत डॅशकॅम आणि सीसीटीव्ही पुष्कळदा वगळलेले असतात, ते वाचून घ्या.

वेगाच्या मागे मात्र फार धावू नका. क्लास १० आणि यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३० एमबी. दोन एमबी लिहिणाऱ्या कॅमेऱ्याला खरं क्लास १० कार्ड पुरून उरतं. ए१, ए२ हे शिक्के फोनमधल्या ॲपसाठी असतात, डॅशकॅमला त्यांचा उपयोग नाही. पाकिटावर ठळक छापलेला ‘१०० एमबी’ किंवा ‘१४० एमबी’ हा सहसा वाचण्याचा वेग असतो. आपल्याला लागतो लिहिण्याचा.

खड्डे, गतिरोधक आणि ‘कार्ड फुल’

पावसाळ्यात नाशकात या तक्रारीला ऊत येतो. कॅमेऱ्यात जी-सेन्सर असतो. धक्का बसला की त्याला वाटतं अपघात झाला, आणि चालू क्लिप तो लॉक करतो. लॉक झालेली क्लिप लूप रेकॉर्डिंग पुसत नाही. सेन्सर ‘हाय’वर ठेवून पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून आणि कॉलनीतल्या घरगुती बनावटीच्या गतिरोधकांवरून गाडी नेली की दर फेरीला पाच-सहा ‘अपघात’ नोंदले जातात. तीन मिनिटांची एक क्लिप ३४० एमबीची धरली तर अशा साठ क्लिप म्हणजे २० जीबी. ३२ च्या कार्डात उरलं काय? बरे कॅमेरे लॉक फायलींना जागेचा ठरावीक वाटाच देतात. स्वस्तातले बरेचसे तेवढा विचार करत नाहीत.

उपाय सोपा आहे. जी-सेन्सर ‘लो’ करा. तरीही फायली साचत असतील तर बंदच करा. खरोखर काही घडलं तर हाताने लॉक करायचं बटण असतंच. मग ‘इव्हेंट’ किंवा ‘आरओ’ अशा नावाच्या फोल्डरमधलं हवं ते काढून घ्या आणि फॉरमॅट मारा. लूप रेकॉर्डिंग ‘ऑफ’ नाही ना, हेही त्याच मेनूत बघा. ते १ किंवा ३ मिनिटांवर ठेवा. क्लिप बिघडलीच तर मोठ्या क्लिपबरोबर जास्त मिनिटं जातात.

पार्किंग मोडही याच घरातला पाहुणा. शेजारून ट्रक गेला, कुत्रं बॉनेटवर चढलं, की कॅमेरा जागा होऊन क्लिप लॉक करतो. गरज नसेल तर बंद.

मेनूत असताना फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ करून टाका. ती ६० वर असेल तर रात्री दुकानांच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांखाली चित्र फडफडतं. आणि डब्यावर ‘४के’ लिहिलेल्या अडीच हजारांच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा साधाच सेन्सर असतो, चित्र फक्त ताणून मोठं केलेलं असतं. त्यातून नंबरप्लेट जास्त स्पष्ट होत नाही, कार्ड मात्र जास्त भरतं आणि कॅमेरा जास्त तापतो. अशा कॅमेऱ्याला १०८० पी वर आणा.

आता वीज

कार्ड निर्दोष सुटलं तर चार्जरकडे वळा. पहिली कसोटी: कॅमेरा घरात आणा, फोनच्या चांगल्या चार्जरला लावा आणि तासभर रेकॉर्ड करू द्या. घरात सुरळीत आणि गाडीत बंद पडत असेल, तर दोष सॉकेट, चार्जर किंवा केबल यांपैकी एकाचा.

सॉकेटपासून सुरुवात करा. आत धूळ, कधी एखादं नाणं, गणपतीच्या प्रसादाचा खडीसाखरेचा चुरा असं काहीही निघतं. चावी बंद करून, फ्यूज काढून मगच साफ करा. चार्जर खडबडीत रस्त्यावर हळूहळू बाहेर सरकतो, हेही नेहमीचं. चार्जरच्या टोकाची कडी आट्यांवर फिरवून निघते. आत काचेचा छोटा फ्यूज असतो. उजेडात धरून त्यातली तार तुटलीय का बघा. या दहा-वीस रुपयांच्या फ्यूजपायी अख्खा कॅमेरा भंगारात टाकू नका. नवा फ्यूज जुन्यावर लिहिलेल्या अँपिअरचाच घ्या. चांदीचा कागद गुंडाळायचा जुगाड गाडीच्या वायरिंगवर बेततो.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या लांबलचक केबलची तार बारीक असते. तीन-साडेतीन मीटरमध्ये व्होल्टेज खाली येतं, आणि तिच्या जागी फोनची आणखी स्वस्त केबल लावली तर आणखीच. चार्जर ५ व्होल्टचा आणि दीड-दोन अँपिअरचा हवा. पुढच्या काचेशेजारच्या खांबावरच्या ट्रिममध्ये (प्लास्टिकच्या आवरणात) केबल कोंबताना ती कुठे दबली असेल तर ठरावीक वळणावर धरून हलवल्यावर कॅमेरा लुकलुकतो. तिथेच दोष. खांबाच्या ट्रिममध्ये एअरबॅग असेल तर केबल तिच्या पुढून जाऊ देऊ नका. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

कॅमेरा गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या यूएसबीला लावला आणि स्क्रीनवर ‘मास स्टोरेज’ आलं, तर बिघाड काहीच नाही. ते पोर्ट डेटाचं आहे आणि कॅमेऱ्याला वाटतं आपण कॉम्प्युटरला जोडलोय. सॉकेटचा चार्जर वापरा.

सेल्फ मारताना गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर १२ वरून दहाच्या आसपास, कधी आणखी खाली येतं. कमकुवत चार्जर तेवढ्यात दम सोडतो, कॅमेरा अर्धवट फाइल टाकून बंद होतो आणि पुन्हा उठतो. हे रोज होत असेल तर आधी चार्जर बदलून बघा. तरीही होत असेल तर गाडीची बॅटरीच तपासून घ्या, ती म्हातारी झाल्याचा हा इशारा असू शकतो. डॅशकॅम लावल्यापासून एफएम खरखरतो किंवा जीपीएस भरकटतो, तेव्हाही संशय स्वस्त चार्जरवरच घ्या.

एप्रिल-मेचं ऊन आणि आतली बॅटरी

नाशिकची हवा थंड ही जुनी कीर्ती. एप्रिल-मेमध्ये सातपूरच्या कंपनीबाहेर दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी उघडून बघा. पारा चाळिशीला टेकला की बंद गाडीत साठ अंश सहज होतात, काचेजवळ त्याहून जास्त. चांगली कार्डं ८५ अंशांपर्यंत चालायला बनवलेली असतात. तेवढा दम कॅमेऱ्यातल्या लिथियम बॅटरीला नसतो.

ती बॅटरी चिमुकली असते, आणि तिचं खरं काम गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट मिटवणं हे आहे. ती संपली की तीन गोष्टी दिसतात. तारीख-वेळ पुसली जाते. चावी बंद केल्याबरोबर कॅमेरा विझतो, ‘सेव्हिंग’चे दोन-तीन सेकंद दिसत नाहीत. आणि प्रवासाची शेवटची क्लिप शून्य केबीची किंवा न उघडणारी निघते. जोराच्या धडकेत वीज तुटली तर नेमकी हीच क्लिप हवी असते. म्हणून तारीख चुकणं किरकोळ समजू नका.

कॅमेऱ्याचं पाठचं झाकण फुगलेलं दिसलं, फट वाढली, तर चार्जिंग तिथेच थांबवा. ती बॅटरी दाबू नका, टोचू नका, घरातल्या कचऱ्यात टाकू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्यांपैकी काहीजण तशीच बॅटरी बदलून देतात, व्होल्टेज आणि आकार जुळला पाहिजे. पुढचा कॅमेरा घ्याल तेव्हा बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला बघा, ऊन तो जास्त सोसतो.

तोवर कॅमेरा आरशामागे, काचेच्या वरच्या कडेला लावा. उन्हात उभी गाडी उघडल्यावर काचा खाली करून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या आणि मगच कॅमेरा लावा. निफाडच्या थंडीत उलटी गंमत: सकाळी काचेवर दव आणि चित्र दुधाळ. ती काच पुसायची बाब, दुरुस्तीची नाही.

वायफाय जुळत नाही

हे चटकन. फोन कॅमेऱ्याच्या वायफायला जोडताना मोबाइल डेटा बंद करा. ‘इंटरनेट नाही, तरी जोडू?’ विचारलं तर हो म्हणा. ॲपला लोकेशन आणि स्थानिक नेटवर्कची परवानगी द्या. पासवर्ड बदलला नसेल तर बहुधा १२३४५६७८ असतो, आणि तो बदललेला बरा. ॲप हट्टीच असेल तर कार्ड काढून रीडरने बघणं केव्हाही लवकर होतं.

अपघात झाला तर कार्डाचं काय करायचं

माणसं ठीक आहेत हे बघून झालं की कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्या. कॅमेरा चालू राहिला तर लूप तीच क्लिप पुसेल. दुसरं कार्ड घाला, पहिलं पाकिटात ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, तो मूळ पुरावा समजू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात देताना प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही (फाइलमधून काढलेला, ती बदलली की बदलणारा आकडा) द्यावी लागते. म्हणून मूळ फाइलचं नाव बदलू नका, ती कापू नका, कार्ड जसंच्या तसं ठेवा. पोलिसांना आणि विमा कंपनीला प्रत द्या. मूळ कार्ड द्यावंच लागलं तर त्याची पोच घ्या.

क्लिप उघडत नसेल तर घाईने फॉरमॅट करू नका, कार्डावर नवीन काही लिहू नका. एमपी४ फाइल नीट मिटली नाही की तिची अनुक्रमणिका लिहायची राहून जाते. चित्र आत असतं, प्लेअरला सापडत नाही. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड क्लिप नमुना म्हणून देऊन ‘अनट्रंक’सारखी साधनं ती पुष्कळदा उघडून देतात. डिलीट झालेली फाइल ‘फोटोरेक’ने शोधता येते. हे सगळं कार्डाच्या प्रतीवर करा, मूळ कार्डावर नको. स्वतःला जमत नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा आणि आधी दर विचारा.

इतकं करूनही नाहीच चाललं

खात्रीचं कार्ड, खात्रीचा चार्जर, मेनूतून ‘डिफॉल्ट सेटिंग’, आणि तरी कॅमेरा अडतोय? मग कार्डाची खाच बघा. आतली पितळी पाती वाकली असतील किंवा काळवंडली असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलक्या हाताने फिरवा, सुकू द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलण्याच्या फंदात सहसा पडू नका. स्वस्त कॅमेऱ्यांत बाहेरून एकच खोकं आणि आत वेगवेगळी चिप, असा प्रकार चालतो. दुसऱ्याच मॉडेलची फाइल टाकली की कॅमेरा कायमचा गप्प. उत्पादकाने तुमच्याच मॉडेलची फाइल दिली असेल तरच, आणि तीही घरच्या चार्जरवर, वीज जाणार नाही अशा वेळी.

वॉरंटीत असेल तर दुकानात जाताना कार्डाच्या चाचणीचा फोटो आणि घरच्या चार्जरवर बंद पडतानाचा व्हिडिओ घेऊन जा. वॉरंटी संपली असेल तर नवा कॅमेरा घ्या, पण काचेच्या कडेने बसवलेली जुनी केबल उपटायच्या आधी नव्याची पिन बघा. जुन्या कॅमेऱ्यांना मिनी यूएसबी असायची, नव्यांना बहुधा टाइप-सी असते. पिन आणि व्होल्टेज दोन्ही जुळत असेल तर तीच केबल चालते. जुना कॅमेरा ई-कचऱ्यात द्या आणि कार्ड त्याच्यातून काढून घ्यायला विसरू नका.